हँडब्रेकचे अकरा खटके

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो आणि पार्किंगमध्येच थबकलो. माझी गाडी होती, काचा शाबूत होत्या, चारही चाकं होती. पण गाडी एक वीत मागे होती.

एक वीत मागे म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. आमच्या इमारतीचं पार्किंग जिन्यापासून गेटकडे उतरत जातं. उतार तसा नावापुरताच. चालताना कळत नाही, पण बादली लवंडली तर पाणी मुकाट्याने गेटकडे निघतं. माझी जागा सगळ्यात वर, जिन्याला लागून, दिवसभर सावलीत आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी. ती मिळवायला मी सात वर्षं अर्ज केले. गाडीचं तोंड गेटकडे, आणि तिच्या बरोब्बर समोर, उताराच्या पायथ्याशी, सेक्रेटरींची नवी कोरी गाडी. म्हणजे माझी गाडी मागे गेली याचा अर्थ ती चढावर गेली होती. पुढे गेली असती तर घसरली म्हणून मी विषय सोडून दिला असता. पण वर? वर जायला कोणीतरी न्यावं लागतं.

"वीतभर फरक तुम्हाला कळला कसा?" बायकोने विचारलं.

मी ऑफिसला कंपनीच्या बसने जातो. गाडी फक्त रविवारी निघते. परत लावताना पुढचं डावं चाक मी फरशीतल्या एका भेगेवर आणून उभं करतो आणि येता-जाता ती भेग बघतो. हे मी बायकोला समजावून सांगितलं.

"मग भेग सरकली असेल," ती म्हणाली आणि कुकर उघडायला गेली.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. दुकानात पाणी शिरलं असं कुणी लिहून दिलं, की पाणी कुठल्या दाराने शिरलं आणि त्या वेळी ते दार कुणी उघडं ठेवलं होतं, हे मी आधी विचारतो. एकवीस वर्षं हेच केल्यावर माणसाला संशयी म्हणतात. मी त्याला सावध म्हणतो. घरातले लोक आणखी काही म्हणतात, पण ते माझ्यासमोर म्हणत नाहीत. मी त्याचीही नोंद ठेवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंग घेऊन खाली उतरलो. बोनेटवर आठवड्याची धूळ होती आणि त्या धुळीत, दिव्यांच्या थोडं वर, दोन पंजे उमटले होते. पाच-पाच बोटं, स्पष्ट. माझ्या पंजापेक्षा अर्ध्या बोटाने लांब. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच होती, आता ती ओरडायला लागली.

त्या दिवसापासून मी इमारतीतल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायला सुरुवात केली. एरवी मी कोणाकडे बघून मानसुद्धा हलवत नाही, त्यामुळे लोक दचकले. सेक्रेटरींचा हात मऊ निघाला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांनी हात दिला आणि वर "सगळं ठीक आहे ना घरी?" असं हळू आवाजात विचारलं. वॉचमनमामांशी मात्र हस्तांदोलन जमलं नाही. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि लिफ्टपर्यंत आणून दिली. हात दाखवायचं टाळताहेत, असं मी मनात टिपून ठेवलं.

मग इंजिनिअर काका. हे आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहतात. नोकरीची तीस वर्षं त्यांनी पूल बांधण्यात घालवली. पुलांवरून लोक जातात, ते स्वतः लांबच्या रस्त्याने जातात. आयुष्यात कधी गाडी घेतली नाही, पण गाडीविषयी त्यांना जे माहीत नाही ते माहीत करून घेण्यासारखं नसतं, असं त्यांचं मत आहे. त्यांनी भेग बघितली, चाक बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अरे, उतारावरची वस्तू आपण होऊन वर जात नाही. ही गाडी चालवली गेली आहे."

"पण मीटर एक किलोमीटरही पुढे गेलेलं नाही."

"मग मीटर मागे फिरवलं असणार," काका म्हणाले.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चोर साधासुधा नव्हता तर.

मी दार उघडून आत बसलो आणि एकेक वस्तू तपासायला लागलो. आरसा, सीट, पाण्याची बाटली, सगळं जिथल्या तिथे. मग हँडब्रेक सोडला आणि परत ओढून बघितला. कट, कट, कट, कट... ओढतोय, ओढतोय, दांडी वर येतेच आहे. अकरा खटके! गाडी घेतली तेव्हा सहा व्हायचे. मला चांगलं आठवतं, कारण तेव्हाही मी मोजले होते. म्हणजे कोणीतरी रोज माझी गाडी बाहेर काढत होतं आणि वर, हँडब्रेक पूर्ण न सोडता चालवत होतं. चोरी करा, पण निदान नीट तरी करा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शहाणे लोक म्हणतात, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून लावावी. मी ठेवत नाही. चार वर्षांपूर्वी गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना माझ्याकडून चावी फिरली आणि गाडीने विजेच्या मीटरच्या कपाटाला धडक दिली. चार मजले दोन दिवस अंधारात होते. तेव्हापासून मी गाडी गिअरमध्ये ठेवून कधीच सोडत नाही. सगळा भार हँडब्रेकवर.

म्हणून बुधवारी मी दोन कामं हाती घेतली. पहिलं, सेक्रेटरींकडून शिक्का मारून घेऊन फलकावर सूचना लावली: 'माझ्या गाडीला कोणीही, कोणत्याही कारणास्तव, हात लावू नये.' खाली मामांची वाचल्याची सही घेतली. मामांनी सूचना दोनदा वाचली.

"कोणत्याही कारणास्तव, साहेब?"

"कोणत्याही."

"म्हणजे समजा... "

"समजा वगैरे काही नाही, मामा."

त्यांनी सही केली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघत होतो. चेहरा पडला होता. अपराधी माणसाचा पडतो तसाच, असं मला तेव्हा वाटलं.

दुसरं काम म्हणजे हँडब्रेक आवळणं. "मेकॅनिककडे न्या," असं बायको तीन महिने सांगत होती. पण तीन महिने एकच गोष्ट कोणी सांगत असेल, तर त्यामागे तिचा काय हेतू आहे हे बघायला नको का? शिवाय मेकॅनिक हा माणूस गाडी उघडतो तेव्हा आपण बाहेर बाकावर बसलेलो असतो. आत काय घालतो, काय काढतो, देव जाणे. मी स्वतःच करायचं ठरवलं.

पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची तर कमिटीची परवानगी लागते, हे मला अर्ज दिल्यावर कळलं. अर्ज दिला नसता तर कोणालाच कळलं नसतं. सेक्रेटरींनी नियमांची वही काढली. दोन्ही बाजूंच्या जागावाल्यांची लेखी संमती आणायची होती. माझ्या एका बाजूला जिना आहे.

"जिन्याची संमती कोणाकडून आणू?"

"जिना सामाइक आहे," सेक्रेटरी विचार करून म्हणाले. "म्हणजे सगळ्यांकडून."

बारा सह्या गोळा केल्या. प्रत्येक सहीसोबत एक सल्ला आला. एकाने सांगितलं, दांडीच्या मागे प्लास्टिकचं झाकण असतं, त्याच्याखाली नट असतो, तो आवळायचा, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्याने सांगितलं, तो नट चुकूनही आवळायचा नाही, आधी मागची चाकं काढून आतले ब्रेक बघायचे. शिक्षक म्हणाले, "मन शांत ठेवा." मी पाच मिनिटांचा सल्ला घेतला.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात केली. झाकण निघेना. काका म्हणाले, "जोर लावू नकोस, युक्ती लाव." मी युक्ती लावली, झाकणाचा एक कान तुटला. आत दोन नट दिसले. दहा नंबरचा पाना हवा होता, माझ्या पेटीत आठ होता, नऊ होता आणि मग एकदम अकरा. दहा नंबरचा पाना माझ्याकडून तळमजल्यावरच्या गृहस्थांनी नेला होता आणि त्यांना तो स्वतःचा वाटत होता. त्यावरून मी त्यांची बावीस मिनिटं उलटतपासणी घेतली. शेवटी पाना मिळाला, संबंध गेले.

मग दोन्ही सीटच्या मध्ये पोटावर पडून काम सुरू केलं. नट जागचा हलेना, मग एकदम हलला, माझी बोटं लोखंडावर आपटली आणि पाना सीटखाली गेला. तो काढायला वाकलो आणि कंबर धरली. त्यानंतर काही वेळ माझं डोकं मागच्या सीटवर आणि पाय स्टिअरिंगवर असे होते. हॉर्न वाजत राहिला. गॅलऱ्यांतून माणसं जमली.

"मदत हवीय का?" कोणीतरी वरून विचारलं.

"नको," मी सीटखालून उत्तर दिलं. प्रसंग कसाही असो, माणसाने आवाज ताठ ठेवावा.

पहिल्यांदा मी नट इतका आवळला की दांडी दोन खटक्यांतच थांबायला लागली. काका खूश झाले. बायकोला घेऊन चक्कर मारायला निघालो तर गाडी जड चालत होती आणि थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. माझी खात्री होती की वास पुढच्या गाडीचा आहे. मी हॉर्न वाजवून, हात दाखवून त्या माणसाला थांबवलं आणि तुमची गाडी जळतेय असं सांगितलं. त्याने माझ्या मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. तिथून धूर निघत होता.

परत येऊन नट सैल केला, मोजून पाच खटके केले. दांडी घट्ट, अगदी खणखणीत. मी बायकोला म्हटलं, "ढकलून बघ." तिने दोन बोटांनी ढकललं. गाडी हलली नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

मंगळवारी गाडी दोन वीत वर होती.

आता मात्र माझं डोकं फिरलं. हँडब्रेक कडक, चावी माझ्या कमरेला, फलकावर शिक्का, आणि तरी हा माणूस थांबत नाही! मी वही काढली आणि एकेका संशयिताचं नाव खोडत गेलो. सकाळी नऊ ते सहा मी नसतो. दुपारी इमारत झोपते. बरोबर दोन वाजता पाण्याचा पंप सुरू करायला एकच माणूस पार्किंगमध्ये येतो आणि नंतर तासभर तिथेच घुटमळतो. हे मला शिक्षकांनी सहज बोलता बोलता सांगितलं. पंपाचा आवाज! त्या आवाजात गाडीचं इंजिन सुरू झालेलं कोणाला ऐकू येणार? मी स्वतःवरच खूश झालो.

तक्रार मी लेखी दिली. लेखी द्यायची मला सवय आहे. 'वॉचमन माझ्या गैरहजेरीत माझे वाहन चालवतात व पूर्ववत लावताना अंतर चुकतात.' तक्रारदाराचं नाव मीटिंगपर्यंत गुप्त ठेवावं असंही लिहिलं. बायकोलाही सांगितलं नाही, कारण ती मामांना चहा देते.

सेक्रेटरींनी कागद वाचला आणि त्यांचे डोळे लकाकले. "शुक्रवारी संध्याकाळी कमिटी बोलावतो," ते म्हणाले. "तसंही मामांचं वय झालंय. एजन्सीचा तरुण माणूस ठेवावा, असं माझ्या मनात होतंच. कारण सापडत नव्हतं."

ते 'कारण' हा शब्द ज्या पद्धतीने बोलले ती मला आवडली नाही. पण मी तेव्हा पुराव्याच्या मागे होतो.

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. दीड वाजता मागच्या फाटकातून आत शिरलो, गाडीत मागच्या सीटवर आडवा झालो आणि अंगावर जुनी चादर ओढून घेतली. चादरीला एक बारीक भोक होतं, त्याला डोळा लावला. कंबर अजून धरलेली होती, गाडीत हवा नव्हती, पण एकवीस वर्षांत इतका मोठा छडा मी लावला नव्हता. मुद्देमालासकट आरोपी पकडायचा म्हणजे काय असतं, हे आमच्या ऑफिसात कोणाला सांगून कळणार नाही.

दोन वाजता पंप सुरू झाला. त्याची मोटर आमच्या पार्किंगच्या फरशीखालीच आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. सगळी गाडी थरथरायला लागली. आणि मग भोकातून दिसणारा खांब हळूहळू मागे चालायला लागला.

खांब चालत नाहीत. गाडी चालली होती. इंजिन बंद, आत माझ्याशिवाय कोणी नाही, दांडी पाच खटके वर, आणि गाडी आपली निवांत सेक्रेटरींच्या गाडीकडे निघालेली. मी ओरडणार होतो. पण काय ओरडू? चादरीखालून?

"आलो, आलो, आलो," असा आवाज आला आणि धप्पकन बोनेटवर दोन हात पडले.

मामा होते. पाय रोवून, खांदा लावून, मान खाली घालून त्यांनी गाडी थोपवली. "काय गं तुझं रोजचंच," ते गाडीला म्हणाले. मग जोर लावून मागे ढकलायला लागले. गाडी तसूभर हलली आणि परत पुढे आली. "आज इतकी जड का झालीस?" मामा धापा टाकत म्हणाले.

गाडी जड होण्याचं कारण मागच्या सीटवर पडलं होतं. त्याचं वजन ब्याऐंशी किलो होतं आणि ते श्वाससुद्धा घेत नव्हतं.

"वहिनी!" मामांनी वर बघून हाक मारली. "जरा येता का खाली? आज ऐकत नाही ही."

आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझ्या बायकोचा आवाज आला, "आले हं मामा, धरून ठेवा!"

ती आली. पदर खोचला आणि मामांच्या शेजारी उभी राहून तिनेही जोर लावला. दोघांनी मिळून मला वर चढवलं. भेगेच्या पलीकडे, दोन वीत. मग मामांनी जिन्याखालून एक वीट आणून पुढच्या चाकाला लावली.

"दुरुस्ती केल्यापासून जास्तच घसरते," मामा म्हणाले. "आधी नुसत्या हाताने थांबायची. पंप बंद झाला की वीट काढून ठेवतो, साहेबांना दिसायला नको. सूचना लावलीय त्यांनी."

"मामा, तुम्ही सरळ सांगा ना त्यांना."

"तुम्ही का नाही सांगत, वहिनी?"

माझ्या बायकोने खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "त्यांना काही खरं सांगितलं की आधी सांगणाऱ्याचीच चौकशी सुरू होते. तुला कसं कळलं, कधी कळलं, आधी का नाही बोललीस. त्यापेक्षा गाडी ढकलणं सोपं पडतं, मामा."

चादरीखाली मला फार उकडायला लागलं.

"आज संध्याकाळी कमिटीने बोलावलंय मला," मामा म्हणाले. "माझ्यावर तक्रार आहे म्हणे. मी साहेबांची गाडी चालवतो."

"कोणी केली असली तक्रार?"

"नाव सांगत नाहीत. वहिनी, मला सायकलसुद्धा येत नाही हो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काढलं तर जिन्याखालची खोलीही जाईल. बायकोला घेऊन कुठे जायचं, तेच कळत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही मी."

"ज्याने कोणी केली असेल ना," माझी बायको म्हणाली, "त्या माणसाला लाज वाटली पाहिजे."

त्याच क्षणी माझ्या खिशात फोन वाजला. सेक्रेटरी होते. मीटिंगची आठवण करून द्यायला. फोन बंद करायला हात पोचेना, तो माझ्याच अंगाखाली होता. तो वाजत राहिला, वाजत राहिला.

"साहेबांचा फोन राहिलाय गाडीत," मामा म्हणाले.

बायको काचेशी आली. चादरीच्या भोकातून मला तिचा एक डोळा दिसला. मग तो डोळा हळूहळू खाली सरकला आणि चादरीबाहेर आलेल्या माझ्या बुटावर थांबला. तो बूट तिनेच सकाळी पुसून दिला होता.

"हो, राहिलाय खरा," ती म्हणाली. "राहू दे."

आणि ती वर निघून गेली.

मी सव्वातीनपर्यंत तसाच पडून होतो. पंप बंद झाला, मामांनी वीट काढली, जिन्याखाली ठेवली, जाताना बाहीने बोनेटवरचे पंजे पुसायचा प्रयत्न केला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेतही माझं अर्धं डोकं यातून सुटायचं कसं, याचाच विचार करत होतं. तक्रार मुकाट्याने मागे घेता येईल. गैरसमज झाला म्हणता येईल. घसरणाऱ्या ब्रेकविषयी कोणाला काही सांगायची गरज नाही.

घरी गेलो. बायकोने चहा दिला. मी म्हटलं, "मीटिंगला जातोय." ती म्हणाली, "जा." इतक्या छोट्या उत्तरात मला संशयाला कुठेही जागा सापडली नाही.

मीटिंग तळमजल्यावरच्या ऑफिसात होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा, सात माणसं. मामा दाराशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सेक्रेटरींनी तक्रार मोठ्याने वाचली आणि मग, "तक्रारदार इथे हजर आहेत," म्हणून माझ्याकडे हात केला. मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी तक्रार मागे घेतो," मी म्हटलं. "गैरसमज झाला."

"कारण द्या," सेक्रेटरी म्हणाले. "लेखी तक्रार कारणाशिवाय मागे घेता येत नाही. नियम आहे. गाडी जागची हलली होती की नव्हती?"

"हलली होती."

"वर गेली होती?"

"हो."

"मग नेली कोणी?" त्यांनी मामांकडे वळून विचारलं, "तुम्ही यांच्या गाडीला हात लावलात का? खरं सांगा. लेखी सूचना होती, तुमची सही आहे."

मामा फलकाकडे बघत म्हणाले, "नाही साहेब. हात नाही लावला."

मला कळलं की ते स्वतःला नव्हे, माझी अब्रू वाचवत होते. हात लावला म्हटलं असतं तर का लावला ते सांगावं लागलं असतं, आणि काका तिथेच बसले होते, ज्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

"लावला," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी पेन उचललं. "आत्ता तर तुम्ही तक्रार मागे घेत होता."

"त्यांनी हात लावला, रोज लावला, दुपारी दोन वाजता," मी म्हटलं आणि उभा राहिलो. "पंप लागला की माझी गाडी घसरते. हँडब्रेक धरत नाही. ते ती रोज खांद्याने थोपवतात आणि वर नेऊन ठेवतात. नाहीतर सेक्रेटरीसाहेब, तुमची नवी गाडी केव्हाच चेपली असती."

"अरे, पण पाच खटके!" काका कळवळून म्हणाले.

"पाच खटके खोटे होते, काका. मी केलेली दुरुस्ती खोटी होती. आधी थोडा तरी ब्रेक होता, तो मी जाळला."

"तुम्हाला कसं कळलं हे सगळं?" सेक्रेटरींनी विचारलं. "कधी कळलं? आधी का नाही बोललात?"

हे प्रश्न माझ्या ओळखीचे होते. "मी आज दुपारी गाडीत होतो," मी म्हटलं. "मागच्या सीटवर. चादर घेऊन. मामांना पकडायला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी कसाबसा बसून तरी गेलो असतो. शिक्षक फक्त "अरेरे" म्हणाले, आणि ते कोणाला उद्देशून होतं हे मी विचारलं नाही.

सेक्रेटरींनी बराच वेळ लिहिलं. वॉचमनने लेखी सूचना मोडल्याबद्दल कारवाई करावी की सामाइक मालमत्ता वाचवल्याबद्दल आभार मानावेत, यावर अर्धा तास चर्चा झाली. सूचना माझी होती, मी ती तिथल्या तिथे फाडली. त्यावर शिक्का असलेला कागद फाडणं हाही नियमभंग असल्याचं निघालं. शेवटी मामांना ठेवायचं ठरलं आणि धोकादायक वाहन म्हणून माझी गाडी वरच्या जागेवरून काढून मागे, सपाट जमिनीवर, कचऱ्याच्या डब्यांशेजारी हलवायचं ठरलं. सात वर्षांचे अर्ज एका ठरावात गेले. मी स्वतःच हात वर केला, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

शनिवारी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने दोन्ही चाकं उघडून दाखवली. उजव्या बाजूची केबल तिच्या नळीतच गंजून अडकली होती. "तुम्ही ब्रेक नाही, नुसता गंज ओढत होता," तो म्हणाला. "म्हणून दांडी घट्ट लागायची. आणि डाव्या बाजूचा ब्रेक तेवढा शिल्लक होता, तो तुम्ही चालवून चालवून जाळलात." मी बाकावर बसलो नाही, त्याच्या शेजारी उकिडवा बसून सगळं बघितलं, पण या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. त्यालाच राहवलं नाही. "काही विचारायचंय का, साहेब?" असं त्याने तीनदा विचारलं.

घरी आल्यावर मामांना गेटपाशी गाठलं. त्या मीटिंगपासून ते माझ्याशी 'हो साहेब', 'नाही साहेब' एवढंच बोलत होते. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं. फार चुकलं." ते म्हणाले, "असू द्या साहेब." मग मी म्हटलं, "ब्रेक नवीन बसवलाय. आता गाडी हलणार नाही."

"हो का," मामा म्हणाले आणि गेट लावायला गेले.

मी वर येऊन घराच्या मागच्या खिडकीशी उभा राहिलो. तिथून कचऱ्याचे डबे दिसतात आणि त्यांच्या शेजारी माझी गाडी. थोड्या वेळाने मामा तिकडे आले. इकडेतिकडे बघितलं. मग दोन्ही तळवे बोनेटवर टेकले, पाय रोवले आणि ढकललं. गाडी हलली नाही. ते मागे सरकले, एक चक्कर मारली, परत येऊन खांदा लावला आणि पूर्ण जोराने ढकललं. मी खिडकीचा गज घट्ट धरून उभा होतो. गाडी हलली नाही.

"काय बघताय एवढं?" बायकोने मागून येऊन विचारलं.

"मामा माझा ब्रेक तपासताहेत."

"तुम्ही सांगितलंत ना त्यांना, दुरुस्त केला म्हणून?"

"सांगितलं."

"मग?"

"त्यांचा विश्वास नाही बसला," मी म्हटलं. हे सांगताना मला इतकं बरं वाटलं, की बायकोने माझ्याकडे संशयाने बघितलं.